पाण्याखालचं कबरस्तान

९ ऑक्टोबर १९९७

ती. मार्थाताईस,
प्रभू येशूच्या नावात याकोबचा सलाम.

भाऊजी गेल्यापासून तुझं एकही पत्र नाही. सुवार्ता म्हणते, ताईला घर खायला उठत असेल, तुम्हीच लिहा. म्हणून लिहायला बसलो. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असेल तेव्हा बारामतीहून इकडे ये. चार दिवस आईजवळ बसलीस तर तुम्हा दोघींनाही बरं वाटेल.

यंदा धरण काठोकाठ भरलंय. पाणी आपल्या वस्तीच्या बाभळींना टेकलं आहे. जुन्या गावातलं काही म्हणजे काही दिसत नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, फादर नेहमीप्रमाणे येणार आहेत. आधी टेकडीवरच्या नव्या कबरस्तानात आशीर्वाद, मग खाली काठावर. ज्यांची माणसं जुन्या गावच्या कबरस्तानात राहिली ते आता फार उरले नाहीत. आपण, सोनबाच्या घरचे आणि आणखी एखाददुसरं घर. काठावर मेणबत्त्या लावायच्या, फादर पाण्यावर आशीर्वादित पाणी शिंपडतात, झालं. दरवर्षी आईच सगळ्यात पुढे असते.

यंदा मात्र तिने वेगळंच काढलंय. म्हणते, "काठावरून लावलेली मेणबत्ती तुज्या बाला दिसती व्हय? मला होडीतनं ने. त्येच्या डोक्यावर नेऊन लावते."

मी म्हटलं, "आई, जागा कशी कळणार?" तर म्हस्कू भोई तिथेच मासे घेऊन आला होता. तो म्हणाला, "मला कळती की. माझ्या जुन्या चुलीवरनं होडी गेली की डावीकडं वळायचं. तुमचं कबरस्तान तितंच." त्याचंही घर त्याच पाण्याखाली आहे. आई इतकी हसली की विचारू नकोस. खूप दिवसांनी हसली.

मला यात काही वावगं दिसत नाही. पाणी शांत असतं आणि जागा काठापासून हाकेच्या अंतरावर आहे. तुझं काय मत, कळव.

तुझा,
याकोब

१४ ऑक्टोबर १९९७

चि. याकोब यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला घेते आणि काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून राहून जातं. रागावू नकोस. शाळेत जाते, मुलींना शिवण शिकवते, घरी येते. जेवण एकटीपुरतं होत नाही, उरतंच.

यांच्या कबरीची माती पावसाने एका बाजूला खचली. दत्तोबा गवंड्याला दाखवली. तो म्हणाला, "बाई, अजून बसंल ती. एवढ्यात बांधू नका, पैसं वाया जातील." म्हणून नुसती माती भरून घेतली आणि कडेच्या दगडांना चुना लावला. क्रूस लाकडाचाच आहे.

२ तारखेला मला येता यायचं नाही. पहिलं वर्ष आहे. फादर एकेका कबरीपाशी थांबतात, घरचं माणूस तिथे उभं असावं लागतं. आम्हाला मूल नाही. मी उभी राहिले नाही तर यांच्यापाशी कोणीच नसेल. लोक काय म्हणतील ते सोड, पण मलाच ते करवणार नाही.

आईला होडीतून न्यायचं म्हणतोस तर ने. इतकी वर्षं तिने काठावरूनच समाधान मानलं. तिच्या पायाला गारठा लागू देऊ नकोस. बाबांसाठी माझ्या नावाची एक मेणबत्ती लाव. आई जेवते कशी, झोपते कशी, ते लिही. तू नेहमी सगळं ठीक आहे एवढंच लिहितोस.

सुवार्ताला आशीर्वाद.

मार्था

२० ऑक्टोबर १९९७

ती. ताईस सलाम.

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. भाऊजींच्या कबरीचं ऐकून म्हणाली, "तिचा नवरा कोरड्या मातीत हाय. नशीब तिचं."

आई जेवते कशी विचारलंस. दुपारचं जेवण तिने सोडलंय. शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी उपास धरलाय म्हणते. रात्री भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून घेते. पण अंगात उत्साह इतका आहे की आम्हीच थकतो. गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादरना थांबवून पापनिवेदन केलं. फादर हसून म्हणाले, "भागूबाई, ईस्टरला तर झालं होतं ना?" ही म्हणते, "मधल्या काळात काय पापं करत न्हाय व्हय मानूस?"

आपली काळी शेळी तिने शेजारच्या आप्पासाहेबांच्या सुनेला देऊन टाकली. म्हणाली, माझ्याच्याने आता राखणं होत नाही. मला आधी विचारायला हवं होतं, पण तिची शेळी, मी काय बोलणार? तांब्याची घागर सुवार्ताला दिली. सुवार्ता खूश आहे.

रोज सकाळी काठावर जाऊन चपटे दगड वेचून आणते. बाबांच्या कबरीवर क्रूस लाकडाचा होता, तो पाणी आलं तेव्हाच वाहून गेला असेल. आई म्हणते, कबरीवर दगड हवा, दगडावाचून कबर म्हणजे नुसती भुई. तर हे दगड होडीतून त्या जागेवर सोडायचे. मला कल्पना पटली. आपण दरवर्षी टेकडीवरच्या कबरींना दगड लावतोच की, बाबांच्याच का नको?

दगडांसाठी सुवार्ताने माझ्या जुन्या खाकी पँटची पिशवी शिवली. आईने तिला दोन्ही बाजूंना लांब नाड्या लावायला सांगितल्या, कमरेला बांधता येईल अशा. मेणबत्ती लावायला हात मोकळे राहतात म्हणते. म्हातारी सगळ्याचा विचार करते बघ.

म्हस्कूला विचारत होती, तिथं पाणी किती खोल असेल. तो म्हणाला, "आजी, हत्ती बुडंल." तर म्हणते, "मग बास झालं."

आणि तिचं ते लग्नातलं पांढरं लुगडं, जे तिने मातीत नेण्यासाठी पेटीत तळाशी ठेवलंय, ते तिने बाहेर काढून उन्हात घातलंय. होडीत तेच नेसणार. मी चेष्टेने म्हटलं, "आई, परत लग्न का?" तिने माझ्याकडे रागावून नाही, मायेने बघितलं.

तुझी मेणबत्ती नक्की लावतो.

याकोब

२५ ऑक्टोबर १९९७

याकोब,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. तेव्हापासून तीनदा वाचलं. पोस्टाने धाडलं तर दिवाळीच्या सुट्टीत अडकेल, म्हणून आमच्या शेजारचा फारुक, जो भिगवणहून टेंपोने मासे आणतो, त्याच्या हाती देते आहे. तो म्हस्कूला ओळखतो.

मी आयुष्यभर शिवण शिकवते. टाकायच्या दगडांच्या पिशवीला कमरेला बांधायच्या नाड्या कशाला हव्यात? पाण्यात सोडायचे दगड टोपलीत नेतात, नाहीतर होडीत नुसते ठेवतात. कमरेला कोणी बांधत नाही.

शेळी दिली. घागर दिली. पापनिवेदन केलं. पाणी किती खोल ते विचारलं. मातीत नेण्याचं लुगडं बाहेर काढलं. हे तू एकापाठोपाठ एक लिहिलंस, आणि तुला काहीच कसं वाटलं नाही?

स्पष्टच लिहिते. आई होडीतून परत यायचा विचार करत नाही. तिला होडीत नेऊ नकोस. पिशवीच्या नाड्या काप. म्हस्कूला सांग, कोणी काही म्हटलं तरी तिला होडीत घ्यायचं नाही. २ तारीख होईपर्यंत सुवार्ताने तिच्याजवळच झोपावं.

फारुक परत येताना उत्तर दे. तो थांबेल.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

मार्था

२९ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,

फारुकभाई घाईत आहे, म्हणून चार ओळी लिहितो.

ताई, तू एकटी असतेस, तुझ्या मनात नको ते येतं. सुवार्ताही हेच म्हणाली. आई तशी नाही. जपमाळ केल्याशिवाय पाणी न पिणारी बाई असं करेल का?

एक चूक झाली. तुझं पत्र आलं तेव्हा आई समोरच बसली होती. "मार्थाचं हाय? वाच की," म्हणाली. मी नेहमीसारखं वरून वाचायला लागलो. थांबावंसं वाटलं तोवर अर्धं झालं होतं, आणि थांबलो असतो तर तिला आणखीच शंका आली असती. शेवटची ओळ आली तेव्हा कळलं.

आई रागावली नाही. रडली नाही. "मार्था ल्हानपनापासनं शहाणी," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. आता मला सांग, मनात काही असतं तर माणूस इतकं शांत राहील का?

पिशवीच्या नाड्या कापायला गेलो तर पिशवी आईच्या पेटीत आहे आणि किल्ली तिच्या गळ्यात. उगाच तमाशा नको म्हणून राहू दिलं.

होडी आता २ तारखेऐवजी १ तारखेला सकाळी ठरली आहे. २ तारखेला काठावर गर्दी असते, होडी काढता येत नाही, असं आईच म्हस्कूकडे जाऊन सांगून आली. सर्व संतांचा सण आहे, दिवसही चांगला. मी बरोबर असणार आहे. तू काळजी करू नकोस.

याकोब

९ नोव्हेंबर १९९७

चि. याकोब यास,
आशीर्वाद.

मी न कळवता आले, तुझ्याशी धड बोलले नाही आणि २ तारखेला फादरांचा आशीर्वाद होताच दुपारची एसटी धरली. सुवार्ताने जेवायला थांबा म्हटलं, तेही ऐकलं नाही. तुम्हा दोघांना वाईट वाटलं असेल. म्हणून जे झालं ते लिहिते. हे पत्र एकट्याने वाच.

तुझी चिठ्ठी फारुकने ३१ तारखेला संध्याकाळी दिली. भिगवणला दोन दिवस टेंपो बिघडून पडला होता म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले. भिगवणच्या पुढे ट्रॅक्टर मिळाला म्हणून पोचले, नाहीतर पोचलेच नसते. काठावर आले तेव्हा आई होडीत बसली होती आणि म्हस्कू होडी ढकलत होता. तू "ताई, तू कशी काय?" म्हणालास. मी चपला तिथेच टाकल्या आणि पाण्यातून चालत येऊन होडीत चढले. मला पाण्याची किती भीती वाटते ते तुला ठाऊक आहे.

तू आणि म्हस्कू पुढे वल्ह्याशी होतात. वारा तुमच्याकडून आमच्याकडे होता, म्हणून मागे आमचं जे बोलणं झालं ते तुम्हाला ऐकू गेलं नसेल.

पिशवी आईच्या मांडीवर होती. पदराखालून हात घातला तर नाड्या कमरेला बांधलेल्या होत्या. ओली गाठ होती, पाणी लावून आवळलेली. मी गाठीवर हात ठेवला.

आई पुढे बघत म्हणाली, "सोड."

मी म्हणाले, "आई, हे पाप आहे."

"फादरला इचारलं मी. मेलेल्या मानसाला जाऊन मिळायचं पाप हाय का? न्हाय म्हनले. म्हनले, तीच आपली आशा हाय."

"त्यांना तू हे सांगितलंस का?"

"समदंच कशाला सांगायचं?"

मी विचारलं, आत्ताच का? बाबा जाऊन इतकी वर्षं झाली. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, मला बदलता येत नाही.

"तुज्या नवऱ्याला पुरताना फादर वाचत हुते. शेवटच्या दिसाला तुतारी वाजंल आन् समदे मेलेले उठतील. तवापासनं झोप न्हाय मला. टेकडीवरचे उठतील आन् चालाय लागतील. तुज्या नवऱ्याचं कोरडं हाय. तुझा बा पाण्याच्या बुडाला हाय, मार्था. त्येला कुटं पवता येत हुतं? आडात घागर पडली तर सोनबाला हाका मारायचा."

मी म्हणाले, "तुला तरी कुठं पोहता येतं?"

"न्हाय येत. पर दोघं असलो म्हंजी एकमेकाला धरू."

देवाला पाण्यातून माणूस काढता येत नाही का, असं म्हणता आलं असतं. पण मी यांच्या कबरीवर रोज जाऊन माती नीट करत असते, पाऊस पडला की यांना थंडी वाजेल असं मला वाटतं. मी तिला काय शिकवणार होते?

म्हस्कूने "आली जागा" म्हणून हाक दिली तेव्हा आईने होडीच्या कडेवर हात ठेवला. तिच्या हातात जोर आला तो मला कळला. मी तिला धरलं आणि तोंडात आलं ते बोलले. म्हणाले, "आपण बाबांनाच वर आणू. ईस्टरनंतर पाणी उतरलं की तिथं खणू, त्यांना टेकडीवर नेऊ, फादर येतील. तुझी जागा त्यांच्याशेजारी राखू. दोघं कोरड्यात उठाल."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "खरंच आनता यील?"

मी म्हणाले, येईल. तिने मला शपथ घ्यायला लावली. मी क्रूसाची खूण केली.

गाठ मला सुटत नव्हती. तिनेच दातांनी सोडली. मग आम्ही दोघींनी एकेक दगड पाण्यात सोडला आणि तू मेणबत्ती लावलीस. तुला वाटलं, ठरल्याप्रमाणे सगळं झालं.

रात्रभर मी तिचा हात धरून झोपले. हे सगळं तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण ती समोर होती.

२ तारखेला मी बारामतीत पोचले तेव्हा दिवे लागले होते. कबरस्तानात कोणी नव्हतं. सगळ्यांच्या मेणबत्त्या जळून त्यांची थारोळी झाली होती. यांच्या कबरीवर कोणी लावली नव्हती. मी लावली आणि संपेपर्यंत उभी राहिले. एवढंच.

आता पुढचं. आईला शपथ दिली आहे ती पाळायची आहे. फादरना विचार, परवानगी कोणाची लागते ते बघ. पाणी उतरल्यावर तिथे कधी खणता येईल ते म्हस्कूला विचारून ठेव. उन्हाळ्यात जुन्या गावाचा बराच भाग उघडा पडतो असं लोक सांगतात, त्यात कबरस्तानही असेलच. आणि तोवर तिच्यावर लक्ष ठेव. तिला माझ्या शब्दाने थांबवलं आहे, दुसरं काही नाही.

मार्था

१९ नोव्हेंबर १९९७

ती. ताईस सलाम.

या वेळी तुझं पत्र आधी शेवटून वाचलं, मग पहिल्यापासून. आईला दाखवलं नाही. ताई बरी आहे, एवढंच सांगितलं.

ती पिशवी होडीत मीच उचलून ठेवली होती. जड आहे म्हणून आईच्या हातून घेतली होती. जास्त लिहवत नाही.

आई आता दुपारी जेवते. आप्पासाहेबांच्या सुनेकडे जाऊन शेळी परत मागितली. ती म्हणाली, "आजी, दिलेलं कुनी परत घेतं व्हय?" तर आई म्हणाली, "मी तवा मरनार हुते. आता न्हाय." सुनेने घाबरून शेळी सोडून दिली. वस्तीवर सगळे हसतात. मला हसू येत नाही.

टेकडीवर जाऊन तिने जागा पाहिली. दोघांची. दगड लावून आखून आली. फादरना मी सांगितलं. ते म्हणाले, बिशपांना लिहीन, तहसीलमध्येही अर्ज करावा लागेल, पण होईल. आई भेटेल त्याला सांगते, ईस्टरनंतर आमचं मानूस वर येणार. सोनबाच्या घरच्यांनीही विचारलं, आमच्या म्हाताऱ्यालाही आणता येईल का.

ताई, तू बारामतीत असतेस, म्हणून तुला माहीत नाही. उन्हाळ्यात जे उघडं पडतं ते गावठाण. कबरस्तान ओढ्याच्या खळग्यात होतं. तिथलं पाणी ज्या वर्षी आटतं त्या वर्षीही खाली जमीन नाही, चिखल दिसतो. आईला ते लांबून जमिनीसारखं दिसत असेल. मलाही तसंच वाटायचं. मी त्यात कधी उतरलो नव्हतो.

काल आई म्हणाली, "म्हस्कू, जा की, बघून ये. खाली टणक कुटं लागतंय ते. किती खणायचं ते आत्ताच कळंल." ती काठावर बाभळीखाली बसली. आम्ही दोघं गेलो. म्हस्कूने दोन लांब बांबू एकाला एक बांधून घेतले होते. जागेवर होडी थांबवून त्याने बांबू खाली सोडला. तळाला टेकला ते हाताला कळलं. मग तो तसाच आत शिरायला लागला. आम्ही जोर लावला नव्हता. आपलं आपण जात होता. म्हस्कूचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, मग खांद्यापर्यंत, तरी खाली काही लागेना.

त्याने बांबू वर ओढला. खालचा अख्खा बांबू काळा झाला होता.

तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, ह्यो पार वर्सानुवर्साचा गाळ हाय. उन्हाळ्यात ह्यात कुत्रंबी पाय घालत न्हाय. गेलेलं म्हसरू वर आलं न्हाय मागं. आजीला काय सांगायचं?"

काठावरून आईने हाक मारली, "लागलं का रं?"

म्हस्कू माझ्याकडे बघत होता. आई उठून पाण्यात घोट्यापर्यंत आली होती, नीट ऐकू यावं म्हणून.

मी ओरडून सांगितलं, "लागलं, आई. लागलं."

तुझा,
याकोब